एकचक्रनगरी ते 'लपाछपी' : अनोळखी गावाची भीती येते कोठून?

एरंडोल : संकटात सापडलेली परगावची माणसे आडबाजूच्या एका गावी आसऱ्याला येतात. यजमान त्यांना अगत्याने ठेवून घेतात. जेवणखाण, विचारपूस, कशातही उणे नसते. काही दिवस जातात आणि पाहुण्यांच्या ध्यानात येते, की या घरात, या गावात असे काही तरी आहे जे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

अल्प खर्चात तयार होणाऱ्या भयपटांचे हे जगभर रुळलेले कथासूत्र आहे. मराठीत १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' या चित्रपटाने ते उसाच्या मळ्यात आणले. भूत-प्रेतांवर विश्वास नसलेला शहरी प्रेक्षकही अशा चित्रपटाने अस्वस्थ होतो. त्याला भिववणारे नेमके काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. खानदेशाच्या जुन्या आख्यायिकेत आणि अलीकडच्या इतिहासात ते सापडते.

पाळीची गोष्ट

एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रनगरी, अशी येथील परंपरागत श्रद्धा आहे. देशात अन्यत्रही काही गावे हा मान सांगतात. एरंडोलपासून सुमारे दहा किलोमीटरवर असलेले पद्मालय हे डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्याच परिसरात भीमाने बकासुराचा वध केला, असे सांगितले जाते. अंजनीकाठच्या या गावात लहान मुलालाही ती कथा माहीत असते.

आदिपर्वातील ही कथा आजच्या भयपटाच्या नजरेने वाचली, तर तिचे वेगळेच रूप दिसते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव आपली ओळख लपवून एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी राहतात. भिक्षेवर गुजराण चाललेली असते. एके दिवशी कुंतीच्या कानी यजमानांच्या घरातला विलाप पडतो. नगरीबाहेर राहणाऱ्या बकाला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा, असा शिरस्ता पडलेला असतो. घराघरांनी पाळ्या लावून घेतलेल्या असतात. आज या घराची पाळी असते.

नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी. बोबडे बोलणारा धाकटा मुलगा हातात गवताची काडी धरून म्हणतो, की मी हिनेच राक्षसाला मारीन. पुढे भीम जातो, गाड्यातले अन्न स्वतःच फस्त करतो आणि बकाला ठार मारतो, हे सर्वश्रुत आहे.

या कथेत राक्षस भयंकर आहेच. परंतु त्याहून अस्वस्थ करणारी आहे ती पाळी. नगरीने संकटाशी तडजोड केलेली आहे. प्रत्येक घराला दुसऱ्याच्या घरचा विलाप ऐकू येतो आणि प्रत्येक जण आपली पाळी लांब आहे, या समाधानात दार लावून घेतो. ही व्यवस्था मोडण्यास गावाबाहेरून आलेला पाहुणा लागतो, कारण त्या तडजोडीत तो सामील नसतो. परक्या माणसाच्या डोळ्यांनी गाव पाहण्याची भयपटाची युक्ती नेमकी येथून सुरू होते.

कमी पैशांतील भीती

भयपट आणि अल्प खर्च यांचे नाते जुने आहे. हिंदीत रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला जाऊन मोजक्या पैशांत चित्रित केला आणि पुढील दोन दशके भयपटांचा आपला स्वतंत्र बाजार उभा केला. अमेरिकेत १९९९ मध्ये आलेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये तीन विद्यार्थी एका दंतकथेचा माग काढत जंगलात शिरतात. काही हजार डॉलरांत चित्रित झालेल्या या चित्रपटाने जगभरातून जवळपास २५ कोटी डॉलरांचे उत्पन्न मिळवले आणि भीतीला भांडवल फारसे लागत नाही, हे सिद्ध केले.

यामागचे गणित सोपे आहे. नाच, गाणी, महागडे तारे, परदेशातील चित्रीकरण यांची भयपटाला गरज नसते. एकच घर, चार-पाच कलावंत, भोवताली ओसाड परिसर एवढ्यावर भागते. पडद्यावर जे दिसत नाही त्याचे काम प्रेक्षकाची कल्पनाशक्ती फुकटात करते. उरलेले काम ध्वनी करतो. दाराची करकर, पाण्यात पडलेला खडा किंवा अचानक थांबलेली रातकिड्यांची किरकिर यांना खर्च कमी लागतो, परिणाम मात्र मोठा होतो.

आडगावाची निवडही याच हिशेबातून होते. शहरात संकट आले तर शेजारी असतात, पोलीस ठाणे असते, रात्री-अपरात्री वाहन मिळते. पात्रांना गावाबाहेर, रस्त्यापासून दूर नेले, की सुटकेच्या या सर्व वाटा पटकथेला एका फटक्यात बंद करता येतात. मात्र केवळ एकांत पुरत नाही. १९७३ च्या 'द विकर मॅन' या ब्रिटिश चित्रपटात बेपत्ता मुलीच्या शोधात एक पोलीस अधिकारी स्कॉटलंडजवळच्या बेटावर येतो. तेथे भूत नाही. हसतमुखाने वागणारे ग्रामस्थ आहेत आणि त्यांना सर्व काही आधीपासून ठाऊक आहे. त्या चित्रपटातील भीती एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

मराठी चित्रपटाने गावातील भुताकडे बराच काळ विनोदाच्या अंगाने पाहिले. महेश कोठारे यांच्या 'पछाडलेला' (२००४) मध्ये गावात आलेले तरुण भुताटकीच्या वाड्यात अडकतात आणि प्रेक्षक हसून बेजार होतो. 'लपाछपी'ने हा विनोद पूर्णपणे बाजूला ठेवला.

उसातले घर

'लपाछपी'ची नायिका नेहा आठ महिन्यांची गरोदर आहे. तिच्या नवऱ्याच्या, तुषारच्या, डोक्यावर कर्ज आहे आणि देणेकरी जिवावर उठले आहेत. त्यांचा वाहनचालक भाऊराव दोघांना आपल्या गावाकडच्या घरी घेऊन जातो. घराच्या चारही बाजूंना ऊस. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई. ती नेहाची बाळंतपणाआधीची काळजी सासूने घ्यावी तशी घेते. मळ्यात मुलांचे आवाज येतात, मुले लपाछपी खेळायला बोलावतात आणि हळूहळू त्या घराचा भूतकाळ उघड होऊ लागतो. पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड आणि अनिल गवस हे मोजकेच कलावंत चित्रपट पेलतात.

उसाच्या मळ्याची निवड विचारपूर्वक केलेली आहे. ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो. दोन हातांपलीकडचे दिसत नाही, पानांची सळसळ सतत चालू असते आणि सगळ्या सऱ्या सारख्याच असल्याने आलेली वाट ओळखू येत नाही. 'चकवा लागला' असे म्हणतात तो अनुभव भर उन्हातही येऊ शकतो. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेतून तिन्हीसांजेला एकट्याने चालत आलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या चित्रपटाचा हिंदी अवतार 'छोरी' या नावाने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. दिग्दर्शक फुरियाच होते, नायिका नुसरत भरुचा आणि यजमानीण मीता वशिष्ठ. ११ एप्रिल २०२५ रोजी 'छोरी २' आला. त्याच वर्षी जूनमध्ये प्रदर्शित झालेल्या काजोलच्या 'माँ'चे दिग्दर्शनही फुरिया यांचेच. त्यातही शहरातील आई मुलीला घेऊन आडगावी जाते. एका छोट्या मराठी चित्रपटातून निघालेले सूत्र असे देशभर पोहोचले.

भूत कशाचे?

'लपाछपी'चा शेवट येथे उघड करण्याचे कारण नाही. त्याचा विषय मात्र सांगायला हवा. या घरातील भुते आकाशातून पडलेली नाहीत. मुलगी नको, या हट्टापायी मारल्या गेलेल्या लेकींची ती कथा आहे. ज्या प्रेमाने तुळसाबाई गर्भारशीला जेवू घालते, त्याच प्रेमाच्या पोटात हा हट्ट दडलेला आहे.

जळगाव जिल्ह्यातील प्रेक्षकासाठी हा विषय पडद्यापुरता राहत नाही. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, यावरून हे प्रमाण मोजले जाते. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली असतात. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात हे प्रमाण ८८० होते. २०११ मध्ये ते ८४२ वर आले. त्या वर्षी राज्याची सरासरी ८९४ होती आणि बीडनंतर सर्वांत वाईट स्थिती जळगावची होती. ही आकडेवारी जाहीर झाल्यानंतर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या आणि जनजागृतीचे कार्यक्रम राज्यभर वाढले.

कायदा नव्हता असेही नाही. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही दोन जनगणनांमध्ये आकडा खाली गेला.

या ठिकाणी भयपटाच्या सोयीची एक मर्यादा दिसते. चित्रपट सारा दोष उसातल्या एकाकी घरावर टाकतो आणि शहरी प्रेक्षक 'असले प्रकार खेड्यातच होतात' असे म्हणत निर्धास्त घरी जातो. प्रत्यक्षात गर्भाचे लिंग सांगणारे यंत्र आडगावात नसते. ते तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रशस्त रस्त्यावरच्या इमारतीत असते. ते चालवणारा उच्चशिक्षित असतो, पैसे मोजणारे घर बहुधा सुस्थितीतले असते. एकचक्रेतील पाळीप्रमाणेच येथेही अनेकांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. आकडा खाली आणण्यास एक राक्षस पुरत नाही. त्यास हजारो घरांची मूक संमती लागते.

भीती उलटी फिरते तेव्हा

गावात आलेला परका माणूस हा विषय खानदेशात आणखी एका कारणाने गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे भटके होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण करण्यात आली.

भयपटात परका माणूस गावाला घाबरतो. राईनपाड्यात गाव परक्या माणसाला घाबरले आणि त्या भीतीने पाच निरपराधांचा जीव घेतला. एकचक्रेत पांडवही भिक्षा मागूनच राहत होते, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. ही एका दुर्गम पाड्याची मागास मनोवृत्ती म्हणून सोडून देण्यासारखी बाबही नव्हती. त्या वर्षी याच अफवेने देशाच्या अनेक राज्यांत बळी घेतले आणि ती अफवा पुढे ढकलणाऱ्यांत सुशिक्षित शहरी माणसेही होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हिंसाचाराबाबत राज्यांना निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

पाळी लावून घेणारी नगरी, लेकी नकोशा असणारे घर आणि अफवेवर विश्वास ठेवणारा जमाव या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. जे घडते ते अनेकांच्या संमतीने घडते आणि 'थांबा' म्हणणारा एकही माणूस त्या वेळी पुढे येत नाही. चांगला भयपट प्रेक्षकाला याच क्षणापाशी नेऊन उभा करतो. म्हणूनच त्याला महागडे भूत लागत नाही.

चित्रपट संपल्यावर दिवे लागतात आणि भुताची भीती तेथेच ओसरते. आपल्या गल्लीत, आपल्या घरात असे काय आहे जे सर्वांना ठाऊक आहे आणि ज्यावर कोणी बोलत नाही, हा प्रश्न मात्र प्रेक्षकाबरोबर घरी येतो. एकचक्रेत त्याचे उत्तर द्यायला परगावचा भीम आला होता. आजच्या एरंडोलमध्ये, जळगावात किंवा पुण्या-मुंबईत त्याची वाट पाहत बसता येणार नाही.