शोरूममधील पहिली नजर : 'नॅनो'ने शिकवलेला धडा

सुकापूर - नवीन पनवेलला खेटून वसलेल्या, माथेरान रस्त्यालगतच्या सुकापूरसारख्या वसाहतीत मध्यमवर्गीय कुटुंबाचे आयुष्यातील मोठे खर्च दोनच : पहिला घराचा, दुसरा मोटारीचा. घर घेताना कागदपत्रे वकिलाला दाखवली जातात, बांधकाम पाहण्यासाठी तीन-चार फेऱ्या होतात, सोसायटीतील जुन्या रहिवाशांकडे चौकशी होते. मोटारीचा निर्णय मात्र पुष्कळदा रविवारच्या संध्याकाळी, शोरूममधील अर्ध्या तासात उरकला जातो. मुले मागच्या आसनावर जाऊन बसतात, घरच्या वडीलधाऱ्यांना रंग आवडतो आणि नोंदणीची रक्कम भरली जाते. पुढची पाच-सात वर्षे हप्ते भरायचे असतात, ते या अर्ध्या तासाच्या भरवशावर!

पहिल्या नजरेत मोटारीचे नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घ्यायचे तर 'टाटा नॅनो'इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

एका लाखाचे कुतूहल

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी ही छोटेखानी मोटार जगासमोर आणली. स्कूटरवर जीव मुठीत धरून जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला परवडणारे सुरक्षित वाहन द्यायचे, हा त्यामागचा विचार होता. सिंगूरच्या आंदोलनानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने पश्चिम बंगाल सोडला, तरी २३ मार्च २००९ रोजी मुंबईत 'नॅनो' बाजारात दाखल झाली. एप्रिलच्या सुरुवातीला ती शोरूममध्ये मांडली गेली आणि ९ ते २५ एप्रिल या काळात नोंदणी झाली. दोन लाखांहून अधिक जणांनी नोंदणी केली. पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड संगणकीय सोडतीने करावी लागली.

शोरूममध्ये शिरलेल्या माणसाला काय दिसले? जेमतेम ३.१ मीटर लांबीची, बाहेरून खेळण्यासारखी भासणारी मोटार. दार उघडून आत बसताच मात्र तो चकित होई. इंजिन मागे बसवलेले, चाके चार कोपऱ्यांत ढकललेली, छत उंच. त्यामुळे 'मारुती ८००'पेक्षा लांबीने सुमारे आठ टक्के कमी असूनही आतील जागा २१ टक्के जास्त असल्याचा कंपनीचा दावा होता. उंच माणसाचे डोके छताला लागत नव्हते. ही पहिली नजर खरी होती.

बारकाईने पाहणाऱ्याला काटकसरही दिसत होती. काच पुसायला एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट. प्राथमिक प्रकारात वातानुकूलन नव्हते आणि बाहेरचा आरसाही केवळ चालकाच्या बाजूला होता. पेट्रोल भरण्यासाठी पुढचे बॉनेट उघडावे लागे. मागचे दार उघडतच नसे, सामान ठेवायचे तर मागचे आसन दुमडावे लागे. एका लाखात एवढे चालायचेच, असे म्हणून ग्राहक पुढे जात होता.

जे दिसले नाही

यात पहिला घोटाळा होता किमतीचा. एक लाख हा आकडा प्राथमिक प्रकाराच्या कारखान्यातील किमतीचा होता. वाहतूक, कर, विमा आणि वाहननोंदणी धरून हाती येणारी मोटार त्याहून बरीच महाग पडत होती. शिवाय वातानुकूलित प्रकार हवा असेल, तर आकडा आणखी चढत होता.

दुसरी गोष्ट, शोरूममध्ये उभी असलेली मोटार पेट घेत नाही, घाट चढत नाही आणि कशावर आदळतही नाही. २००९ आणि २०१० मध्ये काही 'नॅनो' मोटारींना आग लागण्याचे प्रकार घडले. मार्च २०१० मध्ये मुंबईत तर नवीकोरी मोटार ग्राहकाच्या घरी नेली जात असतानाच पेटली. वर्षअखेरीस कंपनीने जादा सुरक्षा साधने मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली, वॉरंटी चार वर्षांपर्यंत वाढवली. पण विश्वास डळमळला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये विक्री अवघ्या ५०९ मोटारींवर आली. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप'ने केलेल्या धडक चाचणीत 'नॅनो'ला एकही तारा मिळाला नाही. त्याच फेरीत अन्य कंपन्यांच्या चार लोकप्रिय छोट्या मोटारींचीही तीच गत झाली, हेही नमूद करायला हवे. त्या मोटारीही शोरूममध्ये तितक्याच देखण्या दिसत होत्या.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. सर्वांत स्वस्त मोटार म्हणून जी ओळख शोरूममध्ये गर्दी खेचत होती, तीच पुढे ओझे ठरली. शेजाऱ्याने आपल्याला स्वस्तातल्या मोटारीतून उतरताना पाहावे, असे कोणालाच वाटत नव्हते. ही ओळख चिकटणे ही चूक झाल्याचे रतन टाटा यांनीही नंतर मान्य केले. उघडणारे मागचे दार २०१५ च्या सुधारित आवृत्तीत आले; तोवर उशीर झाला होता. जून २०१८ मध्ये केवळ एक 'नॅनो' तयार झाली आणि नंतर उत्पादन थांबले.

आज शोरूममध्ये जाताना

आजची शोरूम २००९ पेक्षा झगमगीत आहे. पण सूत्र तेच आहे. मांडलेली मोटार बहुधा सर्वांत महागड्या प्रकारातली असते, जाहिरातीतील किंमत मात्र सर्वांत स्वस्त प्रकाराची. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो असा : आम्हाला परवडणाऱ्या प्रकारात यातले काय मिळणार नाही?

दुसरा प्रश्न रस्त्यावर येणाऱ्या किमतीचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल मोटारीवर ११ टक्के वाहनकर आहे. म्हणजे शोरूममध्ये आठ लाख सांगितलेल्या मोटारीवर करापोटीच सुमारे ८८ हजार रुपये वाढतात. त्यात विमा आणि नोंदणी शुल्क वेगळे. तृतीय पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांसाठी एकदम घ्यावा लागतो. मात्र तो विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरचे दरपत्रक आणून तुलना करता येते. 'हँडलिंग चार्जेस' हे सरकारी शुल्क नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रकात प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागितली, तर कोणता पैसा सरकारचा आणि कोणता विक्रेत्याचा, हे लगेच उमगते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशी धडक चाचणी सुरू झाली आहे. प्रौढ प्रवासी आणि मुले यांच्यासाठी त्यात वेगवेगळे तारे दिले जातात. चाचणी कंपन्यांसाठी ऐच्छिक असल्याने प्रत्येक मोटारीला तारे असतीलच असे नाही. दार लावतानाचा भारदस्त आवाज म्हणजे मजबुती, हा समज मात्र सोडून द्यावा. तो आवाज दाराच्या रबरावर आणि कुलपाच्या रचनेवरही अवलंबून असतो.

चौथी कसोटी घरच्या रस्त्यावरची. चाचणीफेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने न घेता सगळे कुटुंब बसवून, वातानुकूलन सुरू ठेवून, गतिरोधकांवरून आणि चढावरून घ्यावी. शक्य असल्यास मोटार आपल्या सोसायटीत आणून ठरलेल्या जागेत उभी करून पाहावी. खांबाला टेकल्याशिवाय दार उघडते का, आजी-आजोबांना गुडघा न दुखता आत बसता येते का, याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही.

शेवटी ताब्याच्या दिवशी निर्मितीचा महिना आणि वर्ष तपासावे. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवतात.

पहिल्या नजरेतली आवड खोटी नसते. 'नॅनो'च्या ऐसपैस आसनांनी दिलेला सुखद धक्का खराच होता. फक्त तो पुरेसा नव्हता. मोटार आवडली की नोंदणीची रक्कम खिशातच ठेवून दरपत्रक घरी न्यावे आणि सोमवारी सकाळी ते पुन्हा वाचावे. तेव्हाही ती आवडली आणि हप्ता झेपणारा वाटला, तर खुशाल घ्यावी.