अंधेरीचे औषध, बोरिवलीचा रुग्ण

मे २०११ मध्ये ग्लेनमार्कने जीबीआर ५०० या औषधाचे हक्क फ्रान्सच्या सनोफीला दिले. कंपनीचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला, चकाल्यात. औषध क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहाच्या आजारासाठी होते. सुरुवातीचे ५ कोटी डॉलर आणि सगळे टप्पे पार पडल्यास एकूण ६१ कोटींच्या वर, असा तो सौदा. औषध उद्योगासाठी बातमी मोठी होती. पण दिवसातून दहा वेळा शौचाला धावणाऱ्या बोरिवलीच्या रुग्णाला अशा औषधाच्या चाचणीत आपला नंबर लागेल का, हे सांगणारे कोणी नव्हते. ते औषध बाजारात आलेच नाही. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे बदल दुसरीकडे घडत होते.

जानेवारी २००५ पर्यंत परदेशी औषधाची चाचणी भारतात एक टप्पा मागे राहूनच करावी लागे. नियम बदलला आणि इथली रुग्णालये जागतिक चाचण्यांत एकाच वेळी सामील होऊ लागली. अल्सरेटिव्ह कोलायटिस या अशाच आजारावरच्या वेडोलिझुमॅब या औषधाच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, तीत भारतातलेही रुग्ण होते. पण प्रवेश मिळायचा तो डॉक्टरांच्या ओळखीतून. आपले डॉक्टर संशोधक असले तर कळायचे, नाहीतर नाही.

जुलै २००७ मध्ये सीटीआरआय ही औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. आजाराचे नाव टाकले की चाचणी कुठल्या रुग्णालयात आहे, संशोधक कोण, वयाची अट काय, हे घरबसल्या दिसू लागले. अर्थात ही माहिती इंग्रजीत, तीही डॉक्टरी.

दिसू लागल्यावर विश्वासाचा प्रश्न आला. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या चाचण्यांसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरले. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, एथिक्स कमिट्यांची नोंदणी आणि संमतीचे चित्रीकरण सुरू झाले. मंजुऱ्या मंदावल्या, काही परदेशी प्रायोजकांनी पाय मागे घेतला. मार्च २०१९ च्या नव्या नियमांनी ही घडी बसवली. आज रुग्णाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते.

याच काळात चाचणीत जाण्याचे कारणही बदलले. पूर्वी महागडे औषध फुकट मिळण्याची ती एक वाट होती. डिसेंबर २०१४ मध्ये झायडसने या आजारावरच्या अडालिमुमॅब या महागड्या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे जवळपास तशीच, आवृत्ती आणली; पुढे टोफासिटिनिबच्या स्वस्त गोळ्या आल्या. आता चाचणीकडे अनेकदा वळतो तो या औषधांनी गुण न आलेला रुग्ण.

त्याला अडवते ती मुख्यतः क्षयाची तपासणी. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी, की कित्येकांना आधी क्षयाची औषधे घ्यावी लागतात. शरीरात दबलेला क्षय सापडला तर बहुतेक चाचण्यांत आधी त्यावर उपचार, मग प्रवेशाचा विचार. शिवाय कोलोनोस्कोपी पुन्हा पुन्हा, आणि ठरल्या तारखेला हजेरी. बोरिवली किंवा मुलुंडहून परळच्या केईएमला वा मुंबई सेंट्रलच्या नायरला लोकलने जायचे, आणि लोकलमध्ये शौचालय नाही. आजार उसळलेल्या माणसाला हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. म्हणून अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या रुग्णालयांत चाचणीचे केंद्र असणे ही नुसती सोय नव्हे. त्यावर प्रवेश ठरतो.

वीस वर्षांत कायद्याने रुग्णाला माहिती दिली, नाही म्हणण्याचा हक्क दिला, भरपाई दिली. नेहमीच्या डॉक्टरांनी नोंदवही उघडून ‘तुमच्यासाठी इथे काही आहे का, पाहूया’ म्हणावे, हे मात्र कुठल्याच नियमात नाही. तोवर रुग्णाने हा प्रश्न स्वतःच विचारावा. पुढच्या तपासणीला जाताना चाचणीचा नोंदणी क्रमांक कागदावर लिहून न्यावा.