वार्धक्यातील विकार, कुत्र्या-मांजरांचे

वार्धक्यातील विकार, कुत्र्या-मांजरांचे : पाळीव कुत्रा वा मांजर उतारवयात मंद होणे, वाळणे, वारंवार लघवी करणे इ. लक्षणे वयोमानाची समजून सोडून दिली जातात. वस्तुतः त्यांपैकी अनेक लक्षणे उपचारसाध्य रोगांची असतात. मांजर व लहान जातींचे कुत्रे सु. दहाव्या वर्षानंतर वृद्ध गणले जातात. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत वार्धक्य बरेच लवकर येते.

मांजरातील अवटू ग्रंथीच्या अतिक्रियतेचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत १९७९ च्या सुमारास या रोगाचे प्रथम वर्णन झाले. मांजर भरपूर खाते, तरी वाळत जाते; चंचल होते, रात्री ओरडते व पाणी जास्त पिते. खाते-पिते आणि हिंडते-फिरते म्हणून मालक निश्चिंत राहतो, ही यातील खरी अडचण होय. ग्रंथीची वाढ बहुधा मारक नसते. मानेत गाठ हाताला लागू शकते. रक्तातील थायरॉक्सिनाचे प्रमाण मोजून निदान पक्के करतात. मेथिमॅझोल हे औषध रोग आटोक्यात ठेवते. शस्त्रक्रियेने वा किरणोत्सर्गी आयोडिनाने तो सहसा कायमचा बरा होतो. मात्र उपचारानंतर दडलेला वृक्कविकार उघड होऊ शकतो, म्हणून वृक्कांचीही तपासणी आवश्यक असते.

वृद्ध कुत्र्याच्या डोळ्यात दिसणारी निळसर झाक म्हणजे मोतीबिंदू नव्हे. भिंगाचा गाभा दाट झाल्याने ती येते व दृष्टी फारशी बिघडत नाही. मोतीबिंदूत भिंग पांढरे व अपारदर्शक होते; तो शस्त्रक्रियेने काढता येतो. तो झपाट्याने वाढल्यास मधुमेहाची शंका घ्यावी.

गर्भाशय न काढलेली वयस्क कुत्री माजानंतर काही आठवड्यांत मलूल होऊन फार पाणी पिऊ लागल्यास गर्भाशयात पू झाल्याचा संभव असतो. योनीतून स्राव येतोच असे नाही. विलंब प्राणघातक ठरतो. वेळीच गर्भाशय काढल्यास बहुतेक कुत्र्या वाचतात.

संधिविकार झालेले मांजर क्वचितच लंगडते. ते उंचावर उडी मारण्याचे टाळते आणि अंग चाटणे कमी झाल्याने पाठीवरील केसांच्या गुठळ्या होतात. वजन घटविणे व पशुवैद्याने दिलेली वेदनाशामके यांनी आराम पडतो. घरातील पॅरासिटामॉल मात्र मांजरास कधीही देऊ नये. त्याचे यकृत हे औषध निष्प्रभ करू शकत नाही व एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.