फ्रिज निवडा भटारखान्याच्या उष्णतेनुसार

लातूर, प्रतिनिधी - उपाहारगृहासाठी फ्रिज घेताना बहुतेक व्यावसायिक 'किती लिटरचा?' असा प्रश्न प्रथम विचारतात. लातूरसारख्या शहरात त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. किती अंशांच्या उष्णतेत हे यंत्र काम करू शकते? एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि शेगड्यांमुळे भटारखाना त्याहूनही तापतो.

फ्रिज आतील उष्णता शोषून कंडेन्सरद्वारे खोलीत सोडतो. खोलीच तापलेली असल्यास हे काम कठीण होते. कॉम्प्रेसर अखंड चालतो, विजेचे बिल वाढते आणि तरीही आतील तापमान चढत जाते. व्यावसायिक फ्रिजच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत चौथ्या वर्गाची चाचणी ३० अंश सेल्सिअसला, तर पाचव्या वर्गाची ४० अंशांना होते. त्यामुळे माहितीपत्रकातील हा वर्ग पाहूनच निवड करणे हिताचे ठरते. काचेच्या दाराचा कूलर प्रामुख्याने शीतपेयांसाठी असतो. शिजवलेले अन्न, पनीर वा मटण ठेवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

प्रश्न केवळ विजेच्या बिलाचा नाही. ५ ते ६० अंशांदरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणूनच नाशवंत पदार्थ ५ अंश वा त्याखाली, तर गोठवलेले पदार्थ उणे १८ अंशांवर ठेवणे आवश्यक असते. शिक्षणासाठी लातुरात आलेले असंख्य विद्यार्थी खाणावळींवर अवलंबून आहेत. एका फ्रिजमधील बिघाड एकाच वेळी अनेकांना आजारी पाडू शकतो.

काही मोठ्या यंत्रांत कंडेन्सर पाण्याने थंड केला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात हवेने थंड होणारे यंत्रच सोयीचे आहे. मात्र त्याला मोकळी हवा हवी. ते शेगडीपासून दूर ठेवावे आणि कंपनीने सांगितलेले अंतर भिंतीपासून सोडावे. कंडेन्सरवर साचणारे तेल व पिठाचे थर नियमित काढावेत. दाराचे रबर सैल झाल्यास तत्काळ बदलावे.

खरेदीपूर्वी सुटे भाग व दुरुस्तीची सोय लातुरातच आहे का, याचीही चौकशी करावी. फ्रिजमध्ये स्वतंत्र थर्मामीटर ठेवून दिवसातून किमान दोनदा तापमानाची नोंद घ्यावी. वीज खंडित झाल्यास दार बंद ठेवावे आणि वीज आल्यावर ही नोंद पाहूनच आतील पदार्थ वापरायचे की टाकून द्यायचे, हे ठरवावे.