एक पिशवी आणि मुलाखतीचे बूट

‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती म्हणणाऱ्याला वहाणेबद्दल काही सांगायचे नसते. माणसाबद्दल सांगायचे असते. मला मात्र आज खरोखरच पायातल्या वस्तूबद्दल लिहायचे आहे. आमचे घर चर्मकारांचे. कोथरूडला कर्वे पुतळ्यापासून थोड्या अंतरावर, पदपथाच्या कडेला वडिलांची बसण्याची जागा आहे. कॉलेज सुटल्यावर मीही तेथे आरी-दोरा हाती घेतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तके आणि बूट असा माझा दुहेरी अभ्यास चालतो. त्यातल्या दुसऱ्या अभ्यासाचा उपयोग माझ्या मित्रांना व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

परीक्षा आटोपल्या की आमच्याकडे एका विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागते. उद्या मुंबईला किंवा परवा नागपूरला मुलाखत असते. हाती एक पिशवी, रात्रीची एस. टी., आणि काळ्या बुटांचा एकच जोड. नोकरीसाठी जोडे झिजवणे हा वाक्प्रचार आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ करतो. आमच्या जागेवर त्याचा अर्थ समोर येऊन बसतो. सदरा ऐनवेळी इस्त्री करता येतो, दाढी करता येते. पण ओला, सुरकुतलेला, सोल सुटलेला बूट ऐनवेळी काही ऐकत नाही. तेव्हा थोड्या सामानात बूट कसा सांभाळावा, हे जरा समजून घेऊ.

आधी चामड्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. चामडे म्हणजे जनावराच्या कातड्यातील कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे दाट जाळे. कच्चे कातडे कुजते. ते कमावले म्हणजे टिकते. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावण्याची जुनी रीत आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी जो हिरडा गोळा करतात, तोच हा. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीचे. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज बुटाच्या वरच्या भागाचे चामडे बहुधा असे क्रोमचे असते. ते मऊ असते आणि पाण्याला अधिक दाद देत नाही. पण कोणत्याही रीतीचे असो, चामड्याच्या धाग्यांत तेलाचा अंश असतो म्हणून ते लवते. तो अंश गेला की ते कडक होते आणि बोटांपाशी जेथे बूट दुमडतो, तेथे तडकते. बुटाची निगा म्हणजे हा अंश जपणे आणि आतला ओलावा वेळीच बाहेर जाऊ देणे. बाकी सारे तपशील यातूनच निघतात.

पहिला प्रश्न असा, की प्रवासात बूट पायात असावा की पिशवीत? पिशवी हलकी राहावी म्हणून बरेच जण तो घालूनच बसतात. दोन-तीन तासांच्या प्रवासाला हे ठीक आहे. रात्रभराच्या प्रवासात मात्र पाय लोंबते राहून सुजतात आणि तळपायाला घाम सुटतो. सकाळी बूट आतून ओला झालेला असतो आणि त्याच ओल्या बुटाने दिवसभर वावरायचे असते. त्यापेक्षा पायात चपला आणि बूट पिशवीत, हे बरे. बुटाला जागा फार लागते ही तक्रार अर्धीच खरी आहे, कारण बुटाचे पोट रिकामे असते. त्यात मोजे, रुमाल, गुंडाळलेला पट्टा भरावा. जागाही वाचते आणि बूट चेपतही नाही. एकाची टाच दुसऱ्याच्या चवड्याशी येईल असे दोन्ही बूट उलटसुलट, सोल बाहेरच्या बाजूला ठेवून जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पावसाळ्यात तर दोन दिवसांत बुरशी धरते.

बरोबर न्यायच्या वस्तू मोजक्याच. पॉलिशची सर्वांत लहान डबी, एक जुना सुती मोजा, नाड्यांचा एक जादा जोड आणि एक चमचा. डबीला रबर लावावे. पॉलिश मेणाचे असते आणि उन्हाळ्यात ते पातळ होऊन झाकणातून बाहेर येते. सुती मोजा हातात घातला की तोच ब्रश आणि तोच फडका. चमच्याची दांडी टाचेमागे धरून पाय आत सरकवला तर बुटाची मागची भिंत मोडत नाही. नाडी न सोडता बूट ओढून काढण्याची सवय ज्यांना आहे, त्यांचे बूट टाचेपाशीच पहिल्यांदा फाटतात. हे सारे सामान एका बुटाच्या पोटात मावते.

मुक्कामी पोचल्यावर बूट लगेच बाहेर काढून नाड्या सैल करून वाऱ्यावर ठेवावेत. पॉलिशपूर्वी धूळ पुसून घ्यावी, नाहीतर तीच धूळ घासली जाऊन चरे पडतात. मग अगदी पातळ थर, पाच-दहा मिनिटांची विश्रांती आणि हलक्या हाताने घासणे. पॉलिशमधले टर्पेंटाइनसारखे द्रव्य उडून जाते, मेण मागे राहते आणि घासल्यावर चमकते. जाड थर दिल्याने चमक वाढत नाही. धूळ मात्र चिकटते.

पावसात बूट भिजला तर घाई करू नये. कोरड्या कापडाने टिपावा, आतला सुटा तळ काढावा आणि कालचा पेपर चुरगाळून आत भरावा. तासाभराने पेपर बदलावा. सोललाही हवा लागावी म्हणून बूट कुशीवर ठेवावा. ऊन, शेगडी, इस्त्री यांचा आधार घेऊ नये. उष्णतेने वरचे चामडे कडक होते आणि सोलचा डिंक सुटतो. पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिशही लावू नये. मेणाखाली ओल अडकते.

आपल्यापैकी अनेकांचे बूट चामड्याचे नसतात, रेक्झिनचे असतात. त्यात कमीपणा काही नाही. पण ओळख हवी. कापलेल्या कडेला किंवा उलट्या बाजूला कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. त्याला पॉलिश मुरत नाही. ओल्या फडक्याने पुसले की झाले. दुसरी गोष्ट जपून ठेवलेल्या बुटाची. भावाच्या लग्नात घेतलेला बूट खोक्यात चार-पाच वर्षे राहतो आणि मुलाखतीच्या दिवशी त्याच्या सोलचा भुगा होतो. पॉलियुरेथेनचे सोल हवेतील दमटपणाने, न वापरताही, आतून विरत जातात. असा बूट आठवडाभर आधी घालून घरात चालून पाहावा. मित्राचा बूट मागून नेणाऱ्यांनीही हेच करावे. चामडे ज्याच्या पायाला सरावलेले असते त्याच्याच घडीवर दुमडते आणि दुसऱ्याला चावते.

चामड्याची निगा राखली तर ते किती काळ साथ देते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात स्वतः चपला शिवल्या आणि १९१४ मध्ये तो देश सोडताना त्या जनरल स्मट्स यांना भेट दिल्या. स्मट्स यांनी त्या वापरल्या, सांभाळल्या आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी परत पाठवल्या. पंचवीस वर्षे! एका बॅरिस्टराने शिवल्या आणि एका सेनापतीने जपल्या; वहाणेला हात लावल्याने दोघांपैकी कोणीही लहान झाले नाही.

बुटावरून माणसाची किंमत करू नये, हे मला मान्य आहे. पण तशी किंमत करणारे टेबलापलीकडे भेटतात, हेही खरे. ज्याच्या घरी मुलाखतीला कसे जावे हे सांगणारे कोणी नाही, त्याने निदान या एका कारणाने तरी मागे पडू नये असे मला वाटते. तेव्हा विनंती एवढीच, की बूट आदल्या संध्याकाळी घेऊन येऊ नका. चिकटवलेला सोल रात्रभर दाबाखाली राहावा लागतो आणि शिलाईलाही दिवसाचा उजेड लागतो. चार दिवस आधी या. वडील म्हणतात, मुलाखतीच्या बुटाचे पैसे पहिल्या पगारातून दिले तरी चालतील.