संस्थानांचा जमाखर्च – लेखांक ६ : बडोद्याची पेढी आणि बडोद्याची तिजोरी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्याच्या गायकवाडांना शिबंदीचा पगार वाटायचा झाला, तर ते तिजोरी उघडत नसत, सावकाराला निरोप धाडत. महालांचा वसूल इजाऱ्याने दिलेला, इजारदाराचा हप्ता पीक निघाल्यावर येणार आणि शिपायाला तर पैसा आज हवा. मधल्या काळाची सोय पोतेदार पाहत. ते रोकड पुढे करत आणि बदल्यात महालांवरच्या वराता, म्हणजे वसुलातून रक्कम घेण्याच्या चिठ्ठ्या, घेत. रकमेवर व्याज असे आणि वर मनोती, म्हणजे पोतेदाराची कसर. वसूल आला की आधी पोतेदाराचं फिटे, उरलं तर राज्याचं. हरिभक्तींसारख्या पेढ्या त्या काळात दिवाणाइतक्याच वजनदार होत्या, ते उगाच नव्हे.

पण सावकार राजाच्या शब्दावर पैसे देत नसे, त्याला जामीन लागे. बडोद्यात हा जामीन असे अरब शिबंदीच्या जमादारांचा. ज्यांचा पगार थकलाय तेच राजाचे जामीनदार, असा तो अजब कारभार. १८०२ मध्ये गादीवर दुबळे आनंदराव, घरात भाऊबंदकी आणि शहरावर अरबांची पकड होती. दिवाण रावजी आपाजी यांनी कंपनीची मदत मागितली. मेजर वॉकर फौज घेऊन आले. अरबांना थकबाकी देऊन बाहेर काढायचं तर पैसा हवा, म्हणून कंपनीकडून आणि पेढ्यांकडून पुन्हा कर्ज घेतलं गेलं. १८०५ च्या तहात तैनाती फौजेसाठी वर्षाला ११ लाख ७० हजारांचा मुलूख कंपनीला तोडून दिला. अरब गेले, पण त्यांनी दिलेली जामिनकी इंग्रजांनी आपल्या शिरावर घेतली. बडोद्याच्या दप्तरात तिला बहांदारी म्हणतात.

या लेखमालेत आपण रेसिडेंटांच्या देखरेखीबद्दल बरंच बोललो. बडोद्यापुरतं माझं मत असं की पहिली तीस वर्षं या देखरेखीने रोग बरा केला नाही, उलट पोसला. ज्याच्या कर्जाला कंपनी सरकार हमी देतं, तो सावकार हात आखडता कशाला घेईल? राजा उधळा असो की काटकसरी, त्याचे पैसे बुडणार नाहीत. १८२० मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बडोद्याला आले, तेव्हा कर्ज कोटीच्या वर गेलेलं होतं. ते फिटत नाही म्हणून १८२८ मध्ये पुढचे गव्हर्नर माल्कमसाहेब यांनी हमीच्या कर्जापोटी महालच जप्त केले. सावकारांशी तडजोड होऊन ते परत मिळायला १८३२ साल आणि त्यांच्यानंतरचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांची स्वारी लागली. मधल्या काळात दुसऱ्या सयाजीरावांनी एक मोठी नामी युक्ती केली. पेढीवाल्यांना इतका नफा होतो तर आपणच का सोडावा, म्हणून त्यांनी स्वतःची पेढी घातली आणि राज्याला व्याजाने पैसे दिले! देणारे महाराज, घेणारेही महाराज. व्याज मात्र रयतेच्या वसुलातून. राजाचा खिसा आणि राज्याची तिजोरी एकच मानली की असं होतं.

पुढे खंडेरावांच्या कारकिर्दीत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला. त्या तेजीत जमिनीचा आकार रोखीत आणि चढा बसवला गेला. १८६५ नंतर भाव कोसळला, आकार तिथेच राहिला. हिऱ्यामोत्यांचा शौक चालूच होता. मल्हाररावांच्या काळात त्यात नजराण्याची भर पडली. जास्त नजराणा देणाऱ्याला इजारा, नेमणूक, कधी निवाडासुद्धा मिळे. १८७३ मध्ये मीड यांचं चौकशी मंडळ बसलं आणि मल्हाररावांना सुधारणेसाठी १८७५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी आले, पण वर्षभरातच निघून गेले. रेसिडेंट फेअर यांच्यावरचा विषप्रयोग, सहा जणांच्या न्यायमंडळाचा तीन-तीन असा दुभंगलेला कौल, एप्रिल १८७५ मधली पदच्युती, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. इथे त्यात शिरत नाही.

आपल्या कामाचे आहेत ते त्यानंतर आलेले सर टी. माधवराव. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेले बारा वर्षांचे तिसरे सयाजीराव.

माधवरावांनी फार नवं काही शोधून काढलं नाही, पण पैशाची वाट बदलली. इजारा बंद झाला. राज्याचे चार प्रांत पाडले : कडी, बडोदा, नवसारी, अमरेली. प्रत्येकावर सुभा आणि महालामहालाला पगारी वहिवाटदार नेमला. वसूल आता इजारदार आणि पोतेदाराच्या हातांतून न फिरता सरळ महालाच्या खजिन्यात आणि तिथून हुजूर खजिन्यात येऊ लागला. व्याज आणि मनोती यांना जागाच उरली नाही. नजराणे बंद झाले, न वसूल होणारी जुनी बाकी सोडून दिली, जमिनीचा आकार उतरवला. जवाहिऱ्यांचे आणि सावकारांचे दावे तपासून निकाली काढले. शिल्लक पडू लागली तेव्हा ती सरकारी रोख्यांत गुंतवली. मुख्य म्हणजे राजवाड्याचा खर्च, ज्याला बडोद्यात खानगी म्हणत, राज्याच्या खर्चापासून वेगळा काढला. पोलीस, शाळा, दवाखाने, बांधकाम यांना स्वतंत्र रकमा मिळू लागल्या आणि दर वर्षी कारभाराचा छापील अहवाल निघू लागला.

हे कौतुक करताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, ही शिस्त लागली तेव्हा राजा अज्ञान होता. खानगीला मर्यादा घातली, पण ती मोडण्याची ताकद असलेला माणूसच वाड्यात नव्हता. दुसरी, हे अहवाल वाचायला लिहिले होते ते वरच्या साहेबांसाठी. रयतेला त्यावर बोलण्याची सोय नव्हती. वरच्या साहेबाच्या इच्छाही असत. १८७५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे काटकसरीच्या अगदी पहिल्याच वर्षी, प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आले. अशा पाहुण्यांचा इतमाम सांभाळायचा तो संस्थानाने. पुढे अफूचा मक्ता संस्थानाने आपल्या हातात घेतला, त्यामागेही इंग्रजांच्या अफू-उत्पन्नाची काळजी होती.

म्हणून खरी कसोटी लागली ती २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती कारभार आल्यावर. खानगी वेगळी ठेवण्याची घडी त्यांनी मोडली नाही. १८८३ पासून एलियट या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली जमिनीची रीतसर मोजणी सुरू झाली. जातवार आणि धंदेवार बारीकसारीक वेरे, म्हणजे कर, काढून त्यांच्या जागी १८९७ मध्ये आयकर आला. जुन्या वेऱ्यांत कुंभार-सुताराला भरावं लागे आणि मोठी पेढी सुटून जाई. आयकराने तो उलटा न्याय सुलटा केला. १९०४ मध्ये महसुलाचं खातं सांभाळायला रमेशचंद्र दत्त आले, ज्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जड साऱ्यावर आयुष्यभर टीका केली होती. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं आणि मोफत झालं. गोखल्यांनी तसंच विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात १९११ मध्ये मांडलं, तेव्हा सरकारचं उत्तर होतं, पैसा नाही.

तरीही हा जमाखर्च लोकांचा झाला नाही. १९०८ मध्ये धारासभा सुरू झाली, पण तिथे लोकांचे प्रतिनिधी अल्पसंख्य, आणि पैशावरचा शेवटचा शब्द महाराजांचाच. चांगला राजा मिळाला म्हणून बडोद्याचं निभलं, असंच म्हणावं लागतं.

पुढच्या आठवड्यात म्हैसूर. तिथे १८८१ मध्ये राज्य परत देताना इंग्रजांनी खंडणी साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाखांवर नेली होती.