रिजेक्टचा टॅग कुठाय?

आर्ट गॅलरीत कुणाची चित्रं लागतात, कुणाची नाही, हे ठरतं तरी कसं? चाकणच्या पेंट शॉपमधल्या एका दोस्ताला नकाराचा मेल आला आणि आम्ही दोघं या प्रश्नाच्या मागे लागलो.

शनिवारी सकाळी साडेनऊला मोबाइल वाजला की समजायचं, एकतर क्रेडिट कार्डवाले, नाहीतर आमचा पेंटर. (पेंटर हे कॉलेजातलं टोपणनाव. खरं नाव छापायला त्याची सक्त मनाई आहे. कंपनीत कळलं तर साहेब दिवाळीचं कॅलेंडर करून मागतील, ही भीती.)

"मेल आला."

"मग?"

"ये मोशीला. चहा पाजतो."

चहा पाजतो म्हणाला, तेव्हाच मी काय ते समजले.

मोशीतल्या त्याच्या टू-बीएचकेत सोफ्यामागे चौदा कॅनव्हास बबल रॅपमध्ये उभे होते. मुंबईतल्या एका नामवंत गॅलरीला त्याने या चौदांचे फोटो पाठवले होते. उत्तर दोन ओळींचं: काम पाहिलं, सध्या आमच्या कार्यक्रमात बसत नाही, शुभेच्छा. बस्स!

पेंटरचं दुःख नकाराचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तो चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत पेंट शॉपच्या क्वालिटीत आहे. रंगवलेली बॉडी ओव्हनमधून बाहेर आली की हा ट्यूबलाइटच्या झगझगाटात उभा राहून तिच्यावर नजर आणि हात फिरवतो. कुठे धुळीचा कण अडकलाय, कुठे रंगाचा ओघळ आलाय, कुठे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झालाय. दोष सापडला की खूण करायची, टॅग लावायचा. ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट.

"आमच्याकडे साधा दरवाजा रिजेक्ट झाला तरी टॅगवर लिहिलेलं असतं, का, कुठे, कोणी पाहिलं," तो म्हणाला. "माझ्या चौदा चित्रांना एक टॅग नाही. रिवर्क करू तर काय करू?"

सवाल बिनतोड होता. संपादकांकडून असेच दोन ओळींचे मेल मलाही महिन्यातून चार येतात, त्यामुळे माझी सहानुभूती जरा जास्तच. मग एका रविवारी चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेस पकडली आणि थेट काळा घोडा गाठलं.

गॅलरी आणि गॅलरीत फरक असतो, बॉस!

आपल्यासारख्यांच्या डोक्यात गॅलरी म्हणजे जहांगीर. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. तिकीट नाही, कुणीही आत जावं. मात्र इथला फंडा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. जहांगीर तुमची चित्रं विकत घेत नाही आणि तुम्हाला 'आपला चित्रकार' असंही म्हणत नाही. तुम्ही अर्ज करायचा, कामाचे फोटो आणि माहिती द्यायची. समिती ते पाहते, पसंत पडलं तर तारीख मिळते. त्या आठवड्यापुरती भिंत तुमची, भाडं तुमचं, फ्रेम, टेम्पो, कार्ड, उद्‌घाटनाचे सामोसे, सगळं तुमचं. मागणी इतकी की तारीख काही वर्षांनंतरची पडते. पेंटरने बोटांवर होम लोनचे हप्ते मोजले आणि गप्प बसला.

पुण्यातलं महापालिकेचं बालगंधर्व कलादालनही भाड्याचंच. अशा सार्वजनिक दालनांत खरी चुरस असते ती तारखांची. अर्ज, भाडं, डिपॉझिट आणि शनिवार-रविवार पदरात पडेल का याची धाकधूक. तिथे चित्रं लागली म्हणून कुणी तुम्हाला निवडलं असं होत नाही. पण लोक येतात, बघतात. पेंटरसारख्याला तेही थोडकं नाही.

वार्षिक प्रदर्शनांची गोष्ट आणखी निराळी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची, शिवाय राज्य सरकारच्या कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन. इथे परीक्षक बसतात आणि एकेक चित्र सुटं बघतात. तुमची बाकीची तेरा चित्रं कशी आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एकच झकास चित्र असेल तर ते इथे पाठवावं. परीक्षक चुकत नाहीत असं मात्र कुणी समजू नये. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात १८६३ साली इतकी चित्रं नाकारली गेली, इतका आरडाओरडा झाला, की खुद्द सम्राटाने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. त्यात माने या चित्रकाराचं एक चित्र होतं, ते आज जगातल्या गाजलेल्या चित्रांत मोजतात.

पेंटरने मेल टाकला होता तो यांपैकी कुठेच नाही. त्याने गाठली होती व्यावसायिक गॅलरी. कुलाबा-फोर्टच्या जुन्या इमारतींत, दारावर लहानशी पाटी, आत पांढऱ्या भिंती आणि आपण बूट काढायचे की काय अशी शांतता. ही गॅलरी भाडं घेत नाही, विक्रीतला वाटा घेते. चित्र लाखाला गेलं तर तीस-चाळीस, कधी पन्नास हजार तिचे. त्या बदल्यात ती जागा देते, कॅटलॉग छापते, गिऱ्हाईक आणते, आर्ट फेअरला चित्रं नेते आणि त्या चित्रकाराचं नाव वर्षानुवर्षं वाढवते. म्हणजे ती सुटं चित्र निवडत नसते, तिला पुढची दहा वर्षं ज्याच्याबरोबर काढायची तो माणूस निवडायचा असतो. लग्नच म्हणा ना. आणि आपण पाठवतो काय? बायोडेटा आणि चौदा फोटो!

परतीच्या गाडीत पेंटरने पेपर नॅपकिनवर कपॅसिटी काढली. (इंजिनिअर तो इंजिनिअरच.) समजा एक शो सहा आठवड्यांचा. वर्षात झाले आठ. गॅलरीचे आधीचे कलाकार धरू वीस, प्रत्येकाला तीन वर्षांतून एक शो तरी हवाच. म्हणजे वर्षाचे सात गेले. उरला एक. त्या एका जागेसाठी देशभरातून मेल. त्यातही जे घेतले जातात, त्यांतले बरेच जण मेलमधून आलेले नसतातच. कुणाचं नाव दुसऱ्या चित्रकाराने सुचवलेलं असतं, कुणी कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात दिसलेला असतो, कुणी चार ग्रुप शोमध्ये पुन्हा पुन्हा नजरेस पडलेला असतो. कोण कुठे उभा आहे, यावर निम्मी निवड आधीच झालेली असते. चाकणच्या सेकंड शिफ्टला उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाची नजर जायची?

म्हणून मला केकू गांधींची गोष्ट भारी आवडते. गांधी मुळात फ्रेमवाले. १९४१ मध्ये त्यांचा चित्रांच्या फ्रेम बनवण्याचा धंदा सुरू झाला. केमिकल मोल्डिंगवरून नाव पडलं केमोल्ड. फ्रेमच्या शोरूममध्ये ते हुसेन, आरा अशा तेव्हाच्या नवख्या पोरांची चित्रं लावायचे. मग १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली आणि २००७ पर्यंत तिथे होती. आता ती प्रिस्कॉट रोडवर आहे. म्हणजे देशातल्या एका मोठ्या गॅलरीचं मूळ एका कारखान्यात आहे. भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांनो, ऐकताय ना?

नोकरी करणाऱ्यांना गॅलरीवाले उभं करत नाहीत, असाही आपला एक लाडका समज. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. बडोद्यात एका कारखान्याचे हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. १९६५ मध्ये जहांगीरला त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. सुधीर पटवर्धन आपल्या पुण्यात जन्मलेले, इथल्याच एएफएमसीतून डॉक्टर झालेले. २००५ पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली आणि बरोबरीने रंगवत राहिले ते ठाण्याचे रस्ते, लोकल, कामगार. म्हणजे जी माणसं आणि जागा रोज डोळ्यांसमोर होत्या त्याच.

हे वाक्य मी पेंटरला वाचून दाखवलं, तेव्हा तो उठला आणि सोफ्यामागचे कॅनव्हास बाहेर काढू लागला.

चौदातली पाच

चौदाही चित्रं हॉलमध्ये भिंतीला टेकवून लावली. आम्ही दोघं किचनच्या दारात उभे. पहिल्यांदाच ती अशी एकत्र बघत होतो. दोन गणपती. आळंदीचा घाट, इंद्रायणी, पावसाळी ढग. एक घोडा, जो मला हुसेनच्या घोड्याचा चुलतभाऊ वाटला (हे मी बोलून दाखवलं नाही). दोन अॅबस्ट्रॅक्ट. एक केळीवाली, एक शनिवारवाडा. एक त्याच्या आईचं पोर्ट्रेट, नऊवारी, मांडीवर तांदळाचं सूप, नजर खाली. हात असे उतरलेत की बघतच राहावं.

आणि पाच चित्रं पेंट शॉपची. पांढऱ्या सूटमधली डोळेच दिसणारी माणसं. रात्री दोनला कंपनीच्या बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली पोरं. रंग न लागलेली राखाडी बॉडी, तिच्यावर ट्यूबलाइटच्या रेघा आणि एक हातमोजा.

ही पाच एका माणसाची आहेत, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाकीची नऊ चार-पाच वेगवेगळ्या माणसांची वाटत होती.

"टॅग सापडला," पेंटर म्हणाला. आवाज बारीक होता.

निवडणारा माणूस आधी एवढंच बघतो, की समोरची चित्रं एकमेकांशी बोलतात का, आणि या माणसाकडे अशी आणखी वीस आहेत का. हात किती सफाईदार आहे, हे नंतर. आपण नेमके उलटं करतो. मला सगळं येतं हे दाखवायला निसर्गचित्र टाकतो, व्यक्तिचित्र टाकतो, देव टाकतो. जॉबसाठी सतरा स्किल्सचा बायोडेटा पाठवावा तसं. त्यात फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, कडा वाकड्या, साइझ दिलेला नाही. तिथेच निम्मा निकाल लागतो.

अर्थात, आवड-निवड, ओळखीपाळखी, कोणत्या प्रकारच्या चित्राला सध्या गिऱ्हाईक आहे, हेही सगळं असतंच. ते नाही म्हणणारा खोटं बोलतोय. पण ते पेंटरच्या हातात नव्हतं. हातात होती ती नऊ चित्रं.

"घोडा काढ," मी म्हणाले. निघाला. गणपती निघाले, घाट निघाला, शनिवारवाडा तर त्याने हसतच उचलला. शेवटी सहा उरली. पाच पेंट शॉपची आणि आई.

"हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे," तो म्हणाला.

"आहे."

"पण बसत नाही."

मी काहीच बोलले नाही. आतल्या खोलीत काकू खरोखर तांदूळच निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता.

परवा पुन्हा मोशीला गेले होते. पेंट शॉपची आता आठ झालीत. आठवं ओलं होतं, बाल्कनीत वाळत होतं. पंधरा झाल्याशिवाय मेल करायचा नाही, असं त्याने ठरवलंय. तोवर एक चित्र राज्य प्रदर्शनाला पाठवायचंय. कोणतं, ते विचारायची गरज पडली नाही, कारण काकूंचं पोर्ट्रेट सुताराकडे फ्रेमला गेलं होतं आणि भिंतीवर त्याच्या जागी नुसता खिळा होता.

चहा अर्धाच झाला होता. खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. सेकंड शिफ्ट. त्याने आयकार्ड गळ्यात घातलं, खिशात छोटं स्केचबुक कोंबलं आणि कप तसाच ठेवून जिन्याकडे पळाला.